लोणार : सहलीचे ठिकाण की प्रयोगशाळा?

बुलढाणा जिल्ह्यातून निघणाऱ्या शाळांच्या सहलींचा मार्ग बहुतेक ठरलेला असतो. शेगावला दर्शन, सिंदखेडराजाला जिजामातांचे जन्मस्थान आणि वाटेत लोणार. लोणारला गाडी थांबते, मुले काठावर उभी राहतात, "केवढे मोठे तळे!" असे म्हणतात, छायाचित्र काढतात, डबे सोडतात आणि तास-दीड तासात पुढच्या मुक्कामाला निघतात. पुढे सहलीवर निबंध लिहायचा झाला की "लोणार हे जगप्रसिद्ध सरोवर आहे" हे एक वाक्य त्यात येते. जगप्रसिद्ध का, हे मात्र त्या निबंधात क्वचितच असते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. लोणार हे सहलीचे ठिकाण म्हणून बघितले, तर ते महाराष्ट्रातल्या कितीतरी तळ्यांपैकी एक ठरेल. प्रयोगशाळा म्हणून बघितले, तर तशी प्रयोगशाळा जगातल्या फार थोड्या देशांना लाभली आहे. आणि आपण त्याकडे कशा दृष्टीने बघतो, यावरच ते पुढच्या पिढ्यांना बघायला मिळेल की नाही, हे अवलंबून आहे.

सहारातली भावंडे

लोणारचे मोल कळण्यासाठी प्रथम आपण थोडे दूर, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जाऊ. सहारा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंट, वाळूच्या टेकड्या आणि पिरॅमिड येतात. परंतु सहाराची खरी श्रीमंती तिथल्या उघड्या खडकांत आहे. झाडझाडोरा नाही, माती नाही, पाऊस जवळजवळ नाही. त्यामुळे पृथ्वीच्या अंगावर उमटलेले जुने व्रण तिथे झाकले जात नाहीत. अल्जीरियात तालेमझाने नावाचे एक वाटोळे विवर आहे. त्याचा व्यास आहे सुमारे १.७५ किलोमीटर. शेजारच्या मॉरिटेनियात तेनुमेर नावाचे विवर आहे, त्याचा व्यास सुमारे १.९ किलोमीटर. आणि आपले लोणार? सुमारे १.८३ किलोमीटर! म्हणजे मापाने ही तिन्ही सख्खी भावंडेच म्हणायची. तिन्ही आकाशातून कोसळलेल्या अशनींच्या आघाताने झाली आहेत.

इजिप्तच्या दक्षिण टोकाला कामिल नावाचे एक धाकटे भावंड आहे. त्याचा व्यास अवघा ४५ मीटर. ते २००८ साली एका इटालियन खनिजतज्ज्ञाला सापडले, तेही वाळवंटात न जाता, घरबसल्या उपग्रहचित्रे न्याहाळताना! २०१० साली शास्त्रज्ञ प्रत्यक्ष तिथे पोहोचले, तेव्हा विवराभोवती लोखंडी अशनीचे हजारो तुकडे विखुरलेले त्यांना आढळले. इजिप्त व लिबियाच्या सीमेवर वाळूच्या समुद्रात पिवळसर रंगाची नैसर्गिक काच मिळते. सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी वाळू वितळून ती तयार झाली. तुतनखामेन राजाच्या थडग्यात सापडलेल्या एका अलंकारावर मधोमध जो भुंगा कोरलेला आहे, तो याच काचेचा. राजाच्या कारागिराला ती काच कशी झाली हे ठाऊक नव्हते, पण ती साधी नाही हे त्याने नक्कीच ओळखले होते.

आता फरक पाहा. तालेमझाने चुनखडीच्या खडकात आहे. तेनुमेर जुन्या ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या प्रदेशात आहे. लोणार मात्र बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात कोरले गेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले, त्याच पठारात. चंद्रावर जे काळसर डाग आपल्याला दिसतात, तेही बेसाल्टचेच. मंगळाचा पृष्ठभागही पुष्कळसा बेसाल्टचा आहे. म्हणून चंद्रावरच्या किंवा मंगळावरच्या विवरांत काय घडले असेल याचा अभ्यास करायचा झाला, की देशोदेशीचे शास्त्रज्ञ बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा उघडतात. मंगळावरच्या एका विवराला तर लोणारचेच नाव दिलेले आहे.

पाच सेकंदांत बुलढाण्याहून लोणार

मी भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा थोडे गणित केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. एवढा मोठा खड्डा एका दगडाने पडलाच कसा? त्या दगडात काही स्फोटक होते काय? मुळीच नाही. स्फोटक होता तो त्याचा वेग.

गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्ही नववीत शिकता. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि त्याचे निम्मे करायचे. समजा, अशनीचा वेग सेकंदाला १८ किलोमीटर होता. बुलढाण्याहून लोणार सुमारे ९० किलोमीटर आहे. हे अंतर आपल्या एस. टी. ला दोन-अडीच तास लागतील, पण तो अशनी ते पाच सेकंदांत कापील! या वेगाने जाणाऱ्या एक किलो दगडाची ऊर्जा होते सुमारे १६ कोटी ज्यूल. एक किलो टीएनटी या स्फोटकापासून मिळणारी ऊर्जा सुमारे ४२ लाख ज्यूल असते. म्हणजे त्या वेगातला साधा दगड आपल्या वजनाच्या स्फोटकाच्या ३८-३९ पट ऊर्जा घेऊन येतो.

आता समजा, अशनी ६० मीटर व्यासाचा दगडी गोळा होता आणि त्याची घनता पाण्याच्या तिप्पट होती. त्याचे वस्तुमान भरेल सुमारे ३४ कोटी किलोग्रॅम. गुणाकार स्वतः करून पाहा. उत्तर येईल ५५ वर १५ शून्ये, इतके ज्यूल. हिरोशिमावर १९४५ साली पडलेल्या अणुबॉम्बच्या सुमारे ८५० ते ९०० पट! आपण धरलेले आकडे अंदाजाचे आहेत. अशनी थोडा मोठा धरला किंवा वेग कमी धरला, तर उत्तर बदलेल. पण घटनेचा आवाका तुमच्या लक्षात येईल.

ही सारी ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते. आघाताचा तरंग खडकात सर्व दिशांना सारखा पसरतो, म्हणून अशनी तिरपा आला तरी विवर बहुधा वाटोळेच होते. काठाचा खडक उचलला जाऊन उलटा पडतो. लोणारचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे, तो यामुळेच. आणि पुष्कळ जण विचारतात, "मग तो दगड गेला कुठे?" त्याचे उत्तरही इथेच आहे. तो बहुतांशी वितळून, वाफ होऊन गेला. त्याचा पत्ता त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरून लावायचा असतो.

पुरावा म्हणजे काय?

या खुणा वाचायला माणसाला बराच काळ लागला. अबुल फजलच्या 'ऐन-ई-अकबरी'त मेहकरच्या वर्णनात लोणार येते. काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ तिथे मिळतात, अशी नोंद त्यात आहे. गावातल्या लोकांनी तर लवणासुराची कथा सांभाळून ठेवली. विष्णूने त्या दैत्याचा वध केला, म्हणून गावात दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर उभे आहे. कथेला शास्त्र म्हणून पुढे करायचे कारण नाही. पण हा खड्डा नेहमीच्या खड्ड्यांसारखा नाही आणि त्यातले पाणी नेहमीच्या पाण्यासारखे नाही, हे निरीक्षण त्या कथेच्या मुळाशी आहे. त्या निरीक्षणाचा आदर केला पाहिजे.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. नंतर दीर्घकाळ हा ज्वालामुखीचाच प्रताप असावा, असे मानले गेले. भोवताली सगळा लाव्हारस थिजलेला, तेव्हा तसे वाटणे साहजिकच होते. मात्र तो लाव्हा कोट्यवधी वर्षांचा आणि विवर त्या मानाने अगदी कोवळे, हे कोडे सुटत नव्हते. शेवटी १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी पुरावा मांडला. इथल्या खडकात त्यांना मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक न वितळता, केवळ प्रचंड दाबाच्या धक्क्याने काचेसारखे झाले की त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखी खडक वितळवू शकतो, पण असा धक्का देऊ शकत नाही. निकाल लागला!

वयाबद्दलचा वाद मात्र पुढेही चालू राहिला. पूर्वीच्या एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले होते आणि तोच आकडा पुस्तकांत रूढ झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, वितळलेल्या खडकातील आरगॉन वायूवरून हे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरले. एकदम दहापट! शास्त्राचा आकडा बदलला म्हणून शास्त्र लटके ठरत नाही. उत्तम पुरावा मिळताच आकडा बदलण्याची तयारी, यालाच शास्त्र म्हणतात.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोणारविषयी बिनपुराव्याची वाक्ये आपण फार सहज उच्चारतो. "हे जगात तिसऱ्या क्रमांकाचे विवर आहे," असे तुम्ही ऐकले असेल. ते खरे नाही. पृथ्वीवर आघाताने झालेल्या सुमारे २०० रचना सिद्ध झालेल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी लोणारपेक्षा मोठ्या आहेत. मध्य प्रदेशातील ढाला आणि राजस्थानातील रामगढ ही आपल्या देशातली विवरेही मोठी आहेत. "बेसाल्टमधले जगात एकमेव" हेही आता म्हणता येत नाही, कारण ब्राझीलमध्ये तशी विवरे सापडली आहेत. ती फार जुनी आणि झिजलेली आहेत. इतके तरुण, इतके रेखीव, वाडग्यासारखे विवर बेसाल्टमध्ये पाहायचे तर लोणारलाच यावे लागते, असे म्हणा. वाक्य थोडे लांबते, पण ते खरे आहे. आपल्या गावच्या कौतुकासाठी खोट्या क्रमांकाची गरज का पडावी?

तसेच होकायंत्राचे. "लोणारला होकायंत्र बावरते" असे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतेच. तेव्हा सुई हलली म्हणून तिथे अशनीच पुरलेला आहे, असे ठरत नाही. तुमच्या गावच्या टेकडीवरच्या काळ्या दगडाजवळ होकायंत्र नेऊन पाहा. तिथेही सुई ढळली, तर तुम्ही काय अनुमान काढाल? याला तुलनेचा प्रयोग म्हणतात. तो केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

तळ्याचा जमाखर्च

आता पाण्याकडे येऊ, कारण खरी काळजी तिथेच आहे. लोणारच्या वाडग्यात धारेसारख्या झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी येते. बाहेर जायला मात्र वाट नाही. पाण्याला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वाफ होऊन उडून जाणे. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते मागे राहतात. हजारो वर्षे असे चालल्याने तळ्यात मीठ आणि धुण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार साचले. पूर्वी इथून हे क्षार काढून विकले जात, त्यांच्या दल्ला, पापडी, भुस्की अशा जातीही लोकांनी ठरवल्या होत्या. या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, १० च्या आसपास मोजला गेला आहे. तांबडा लिटमस कागद बुडवला की निळा होतो. काठावरच मात्र गोड्या पाण्याचे झरे आहेत!

अशा पाण्यात मासे सुखाने राहत नाहीत, पण सूक्ष्म जीवांचे एक वेगळेच जग राहते. पाण्याचा एरवीचा हिरवा रंग त्यांच्यामुळेच. जून २०२० मध्ये हे हिरवे पाणी थोड्याच दिवसांत गुलाबी झाले. देशभर चर्चा झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा मिठाची आवड असणाऱ्या आणि गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्म जीवांचे ते काम असल्याचे दिसले. उन्हाळ्यात पाणी आटले, खारटपणा वाढला, तसे ते जीव फोफावले. चमत्कार नव्हता, आणि शापही नव्हता.

या घटनेतून काय शिकायचे? तळे म्हणजे एक जमाखर्चाचे खाते आहे. पाणी कमी आले की क्षार दाट होतात. गोडे पाणी जास्त आले की क्षार पातळ होतात. सामूचे मोजमाप तर असे आहे की तो १० वरून ९ झाला, तर अंकात एकचाच फरक दिसतो, पण पाण्याची अल्कता दहापट उतरलेली असते. गावाचे सांडपाणी आणि साबणाचे पाणी त्यात आले, शेतातल्या खतांचा अंश आला, की निराळेच जीव वाढू लागतात. हजारो वर्षांत जमलेली सूक्ष्म जीवांची वस्ती अशा वेळी काही वर्षांत उठून जाऊ शकते. ते जीव डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या जाण्याची बातमीही होत नाही. खरा धोका हाच आहे.

विकास कशाला म्हणावे?

लोणार हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. २००० साली ते अभयारण्य झाले. २०२० साली त्याचा रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला. मानाची कमतरता नाही. पण पर्यटनस्थळाचा विकास म्हटला की आपल्याकडे फरसबंदी वाट, बगीचा, दिवे आणि उपाहारगृह हेच चित्र उभे राहते. मला वाटते, लोणारला हे चित्र लागू करणे म्हणजे जुन्या ताम्रपटाला नवी कल्हई लावण्यासारखे आहे. तो चकाकेल, पण त्यावरची अक्षरे जातील. विवराच्या उतारावरचा प्रत्येक थर हे एक अक्षर आहे. सहारातील अशनींचे तुकडे आणि काचेचे खडे आज जगाच्या बाजारात विकले जातात. दगड एकदा जागचा हलला की तो कुठून, कोणत्या थरातून आला, हा त्याचा पत्ता हरवतो, आणि पत्ता हरवलेला दगड शास्त्रज्ञाला फारसे काही सांगू शकत नाही.

यावर कोणी विचारील, "मग गावातल्या माणसांनी पोट कशावर भरायचे? त्यांना प्रवासी नकोत काय?" प्रश्न रास्त आहे. ज्या गावाच्या दाराशी हे धन आहे, त्याला त्याचा लाभ झालाच पाहिजे. प्रवासी जरूर यावेत. पण निवास, दुकाने, गाड्यांचे तळ हे सारे काठापासून दूर, बाहेर असावे आणि विवराच्या आत फक्त पायवाट असावी. गावातल्या तरुणांना खडक, पक्षी आणि मंदिरे यांची नीट माहिती देऊन वाटाडे म्हणून तयार करावे. हाताळता येतील असे खडकांचे नमुने आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतील असे काप एका छोट्या संग्रहालयात असावेत, म्हणजे उतारावरचा दगड फोडण्याचा मोह कोणाला होणार नाही. तास-दीड तासात निघून जाणारा प्रवासी गावाला चहाचे पैसे देतो. दोन दिवस राहून शिकणारा प्रवासी त्याहून पुष्कळ अधिक देईल.

आणि सांडपाण्याचा प्रश्न सर्वांत आधी सोडवला पाहिजे. घाण पाणी एक थेंबही विवरात उतरता कामा नये. बाकीची शोभा नंतर.

तुम्ही काय कराल?

मित्रहो, हे काम केवळ सरकारचे नाही. परिसरातल्या शाळा व महाविद्यालयांनी मिळून, वनखात्याची परवानगी घेऊन आणि शिक्षकांच्या सोबतीने, दर महिन्याला तळ्याच्या पाण्याची पातळी, तापमान, सामू आणि रंग यांची नोंद ठेवली तर? खर्च किरकोळ आहे. अशी अखंड नोंद दहा-वीस वर्षे झाली, की पाणी पुन्हा गुलाबी झाल्यावर "असे का झाले?" हा प्रश्न मुंबई-पुण्याला पाठवण्याआधी तुम्ही तुमची वही उघडाल. उत्तराचा अर्धा भाग त्या वहीत असेल.

जे लांब राहतात त्यांच्यासाठी घरचा प्रयोग आहे. एका पसरट परातीत बारीक कोरडी वाळू भरा आणि वरून रांगोळीचा पातळ थर द्या. अर्धा मीटर, एक मीटर, दोन मीटर उंचीवरून तीच गोटी सोडा आणि प्रत्येक वेळी खड्ड्याचा व्यास मोजा. उंची दुप्पट झाली की व्यास दुप्पट होतो का? उचललेला काठ दिसतो का? आतली वाळू बाहेर किती दूर उडते? गोटीचा वेग अशनीच्या मानाने नगण्य आहे. त्यामुळे गोटी शिल्लक राहील, ती वितळणार नाही. हा फरक का पडतो, तेही वहीत लिहा.

मग शाळेची सहल लोणारला निघाली, की गुरुजींना विनंती करा की त्या दिवशी दुसरे एखादे ठिकाण वगळले तरी चालेल, पण लोणारला निदान अर्धा दिवस द्या. बरोबर वही, मोजपट्टी, होकायंत्र आणि दुर्बीण घ्या. पिशवी मात्र रिकामी न्या आणि रिकामीच परत आणा. तिथून आणायचे असतील तर प्रश्न आणा. ते कितीही आणले, तरी विवरातले काही कमी होणार नाही.